हितसंबंधांचा संघर्ष (सरकारी कंत्राटे)

सरकार एखाद्या खासगी कंपनीशी मालपुरवठ्याचा, बांधकामाचा किंवा सेवेचा करार करते, तेव्हा त्या निर्णयावर अधिकार किंवा प्रभाव असलेल्या व्यक्तीचा आर्थिक लाभ त्याच करारात गुंतलेला असेल, तर त्या स्थितीला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात. यात लाच दिली-घेतली गेलेलीच असावी लागत नाही. कर्तव्य आणि स्वार्थ एकाच माणसात समोरासमोर यावेत, एवढे पुरेसे असते. म्हणून याविषयीचे कायदे गुन्ह्याची वाट न पाहता ती स्थितीच टाळू पाहतात.

भारतात या तत्त्वाची पहिली मोठी कसोटी विड्यांच्या व्यापारातून लागली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तत्कालीन मध्य प्रदेशातील भंडारा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आलेले चतुर्भुज विठ्ठलदास जसानी हे मूलजी सिक्का अँड कंपनी या पेढीचे भागीदार होते आणि ही पेढी केंद्र सरकारच्या लष्करी कँटीनला विड्या पुरवत असे. सरकारी करारात हितसंबंध असलेला उमेदवार अपात्र ठरत असल्याने त्यांच्या निवडीला आव्हान दिले गेले. करार घटनेतील विहित नमुन्यात झालेला नाही, आणि माल पोहोचल्यावर फक्त पैसे येणे बाकी राहते, त्यामुळे करार संपतो, हे दोन्ही बचाव सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये अमान्य केले. दोन्ही बाजूंची पूर्तता होईपर्यंत करार जिवंत असतो, तसेच विधिमंडळांची शुद्धता राखणे आणि कर्तव्य व स्वार्थ यांचा संघर्ष टाळणे हा कायद्याचा हेतू आहे, असे न्यायालयाने म्हटले. याच खटल्यात दुसऱ्या एका उमेदवाराचा अर्ज चुकीने फेटाळल्याचेही ठरले आणि संपूर्ण निवडणूक रद्द झाली. दोन जागांच्या या मतदारसंघात त्यानंतर झालेल्या पोटनिवडणुकीत अशोक मेहता विजयी झाले, तर राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले.

मात्र ही कडक भूमिका पुढे कायद्यातच सैल करण्यात आली, आणि ते खेदजनक आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या मूळ तरतुदीत करारातील कोणताही ‘हिस्सा किंवा हितसंबंध’ अपात्रतेस पुरेसा होता व त्यात सेवांचाही समावेश होता. १९६६ च्या दुरुस्तीने आलेल्या सध्याच्या कलम ९अ नुसार उमेदवाराने स्वतःच्या व्यापारात स्वतः केलेला, आणि तोही फक्त मालपुरवठ्याचा किंवा सरकारी बांधकामाचा करार अपात्र ठरवतो. कंत्राटदाराने आपले काम पूर्ण केले असेल, तर सरकारकडून पैसे येणे बाकी असूनही करार चालू मानला जात नाही. म्हणजे १९५४ मध्ये न्यायालयाने जे नाकारले, तेच संसदेने स्वीकारले. कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही तिच्या मालकाहून वेगळी व्यक्ती असल्यामुळे आमदार-खासदाराच्या कंपनीचे कंत्राट सहसा या कलमात बसत नाही. खाणपट्टाही त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ठरवले.

गावपातळीवर चित्र उलट आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४ नुसार पंचायतीच्या कामात किंवा करारात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला सदस्य अपात्र होतो. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या अधिनियमातही नगरसेवकांसाठी अशीच तरतूद आहे. गोव्यात पतीला पंचायतीचे कंत्राट मिळाल्यामुळे महिला सदस्याची झालेली अपात्रता सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम ठेवली, कारण तेथील नागरी कायद्याने पतीपत्नींची मालमत्ता सामाईक असते. केवळ नात्यावरून मात्र हितसंबंध गृहीत धरता येत नाही. आर्थिक दुवा दाखवावा लागतो, हे विदर्भात लागू असलेल्या जुन्या नगरपालिका कायद्याखालील १९६६ च्या निकालाने स्पष्ट केले होते. लाखभराच्या गटाराच्या कामावरून सरपंचाचे पद जाऊ शकते आणि कोट्यवधींच्या कंत्राटात ज्याची कंपनी आहे तो खासदार मात्र सुरक्षित राहतो, ही विसंगती समर्थनीय नाही.

अधिकाऱ्यांसाठी केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ आहेत. कुटुंबीय ज्या कंपनीत नोकरीला आहे, तिला कंत्राट देण्याचे प्रकरण अधिकाऱ्याने स्वतः न हाताळता वरिष्ठांकडे सोपवावे, असे ते सांगतात. सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील सचोटी संहितेने हीच जबाबदारी निविदाकारांवरही टाकली असून, हितसंबंधांचा संघर्ष असल्यास तो त्यांनी उघड करावा लागतो.