न्यू जर्सीचे म्युनिसिपल कोर्ट आणि वाहतुकीचे तिकीट

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात गाव किंवा शहर पातळीवर चालणारे, सर्वांत खालच्या पायरीवरचे न्यायालय. वेगमर्यादा ओलांडणे, लाल दिवा तोडणे, गाडी चालवताना हातात फोन धरणे, विम्याविना गाडी रस्त्यावर आणणे यांसारखी वाहतुकीची प्रकरणे, किरकोळ मारामाऱ्या व चोऱ्या, तसेच गावाच्या स्वतःच्या नियमांचे भंग या न्यायालयापुढे येतात. बहुसंख्य रहिवाशांचा न्यायव्यवस्थेशी आयुष्यात जो काही संबंध येतो तो इथेच. एडिसन, वुडब्रिज, जर्सी सिटी या पट्ट्यात मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असल्याने न्यू जर्सीचे ‘तिकीट’, म्हणजे वाहतुकीचा नियम मोडल्याबद्दल पोलिसाने दिलेली चिठ्ठी, हा तिथल्या मराठी मंडळींच्या ओळखीचा विषय आहे.

१९४७ च्या राज्यघटनेनंतर न्यू जर्सीत न्यायव्यवस्थेची फेरमांडणी झाली. जुनी पोलीस कोर्टे व दंडाधिकाऱ्यांची कोर्टे जाऊन त्यांच्या जागी म्युनिसिपल कोर्टे आली. राज्यात आज अशी शेकडो न्यायालये आहेत. लहान गावे खर्च वाचवण्यासाठी शेजाऱ्यांबरोबर एकच कोर्ट चालवतात. न्यायाधीश राज्यात किमान पाच वर्षे सनद असलेला वकील असावा लागतो. त्याची नेमणूक तीन वर्षांसाठी, सामान्यतः गावाचा महापौर व कौन्सिल करतात; अनेक गावांचे मिळून कोर्ट असेल तर ती गव्हर्नरकडून होते. बहुतेक न्यायाधीश अर्धवेळ काम करतात आणि एकच व्यक्ती दोन-तीन गावांत न्यायदान करताना दिसते. ज्युरी नसते. सहा महिन्यांहून अधिक कैदेची शिक्षा सुनावण्याचा प्रश्न इथे सहसा येत नाही, त्यामुळे ज्युरीचा घटनात्मक हक्कही लागू होत नाही. निकाल एकटा न्यायाधीश देतो. पण पुरावा मात्र फौजदारी खटल्याइतकाच, म्हणजे वाजवी शंकेपलीकडे सिद्ध व्हावा लागतो.

*तिकीट हाती आल्यावर.* पोलीस गाडी बाजूला घ्यायला लावतो, परवाना, नोंदणी व विम्याचे कार्ड तपासतो आणि तिकीट देऊन जातो. तिथे पैसे घेतले जात नाहीत. भारतातल्या सवयीने ‘जागेवरच मिटवू’ असे सुचवणे हा लाच देण्याचा गंभीर गुन्हा ठरतो आणि त्याची सुनावणी या छोट्या कोर्टात नव्हे, वरच्या न्यायालयात होते. रस्त्यावरच्या कॅमेऱ्याने घरी तिकीट धाडण्याचा प्रकारही इथे नाही: लाल दिव्यावरच्या कॅमेऱ्यांचा प्रयोग राज्याने डिसेंबर २०१४ मध्ये बंद केला. प्रत्येक तिकिटामागे साक्ष देऊ शकणारा एक माणूस असतो आणि पुढची सगळी प्रक्रिया त्यावर उभी आहे.

तिकिटावर दोन शक्यता असतात. एक, दंड भरून मोकळे व्हायचे. राज्याच्या संकेतस्थळावर तिकीट क्रमांक टाकला की दोन मिनिटांत काम होते. दुसरी, कोर्टात हजर राहणे बंधनकारक असल्याची खूण. विमा नसणे, परवाना निलंबित असताना गाडी चालवणे, दारू पिऊन गाडी चालवणे अशा प्रकरणांत दुसरीच गोष्ट लागू होते. पहिली वाट सोपी असल्यामुळेच फसवी आहे. दंड भरणे म्हणजे गुन्हा कबूल करणे, आणि कबुलीचा परिणाम दंडाच्या रकमेत दिसत नाही. तो परवान्याच्या नोंदीवर पॉइंटच्या रूपाने बसतो.

*पॉइंटचा हिशेब.* मर्यादेपेक्षा १ ते १४ मैलांनी अधिक वेग असेल तर २ पॉइंट, १५ ते २९ मैलांपर्यंत ४, ३० मैल किंवा त्याहून अधिक असेल तर ५. तीन वर्षांत ६ पॉइंट साचले की राज्याचे मोटार वाहन खाते १५० डॉलर आणि त्यापुढील प्रत्येक पॉइंटला २५ डॉलर असा सरचार्ज, म्हणजे जादा आकार, लावते. १२ पॉइंटांवर परवाना निलंबित होण्याची पाळी येते. वर्षभर एकही गुन्हा किंवा निलंबन नसेल तर ३ पॉइंट कमी होतात. सुरक्षित वाहनचालनाचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम केल्यास आणखी २ जातात, पण ही सवलत पाच वर्षांतून एकदाच. दुसऱ्या राज्यात मिळालेल्या तिकिटासाठीही न्यू जर्सीच्या परवान्यावर २ पॉइंट चढतात. याखेरीज विमा कंपन्या आपला वेगळा हिशेब ठेवतात. हप्ता वाढला तर तो मूळ दंडाला कितीतरी पटींनी मागे टाकतो.

*प्रॉसिक्युटरशी बोलणी.* या न्यायालयाचा खरा व्यवहार न्यायाधीशापुढे कमी आणि म्युनिसिपल प्रॉसिक्युटरशी, म्हणजे सरकारी बाजू मांडणाऱ्या वकिलाशी, अधिक होतो. चालकाने ‘गुन्हा मान्य नाही’ असे कळवले की सुनावणीच्या दिवशी, बहुधा न्यायाधीशासमोर उभे राहण्याआधी, प्रॉसिक्युटर त्याच्याशी किंवा त्याच्या वकिलाशी बोलतो. मूळ आरोप सौम्य करून घ्यायचा आणि तो कबूल करायचा, असा हा सौदा. म्युनिसिपल कोर्टांत अशा तडजोडीला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दीर्घकाळ परवानगी दिली नव्हती. ती १९९० पासून रीतसर मिळाली.

सौद्यातले सर्वांत चलनी कलम म्हणजे ‘असुरक्षित वाहनचालन’. २००० साली आलेल्या या गुन्ह्याला पहिल्या दोन वेळा एकही पॉइंट नाही. पाच वर्षांत तिसऱ्यांदा सापडल्यास मात्र ४ पॉइंट लागतात. पॉइंट वाचवण्याची किंमत आहे: पहिल्या खेपेला ५० ते १५० डॉलर दंड, कोर्टाचा खर्च ३३ डॉलरपर्यंत आणि २००४ मध्ये जोडलेला २५० डॉलरचा सरचार्ज. म्हणजे मर्यादेपेक्षा १५ ते १९ मैलांनी पुढे गेलेला जो चालक सुमारे १०५ डॉलर भरून ४ पॉइंट घेऊन गेला असता, तो तिप्पट-चौपट रक्कम मोजून शून्य पॉइंट घेऊन जातो. राज्याला पैसे मिळतात, गावाला खटला चालवावा लागत नाही, चालकाची नोंद निर्मळ राहते. सगळे खूश असतात. रस्ता अधिक सुरक्षित झाला का, हा प्रश्न त्या खोलीत कोणी विचारत नाही. व्यावसायिक परवाना असलेल्या ट्रकचालकांना मात्र केंद्रीय नियमांमुळे असा आरोप झाकून घेता येत नाही.

अपघात झाला असेल तर कबुली देताना ‘सिव्हिल रिझर्व्हेशन’ मागून घेण्याची पद्धत आहे. त्यामुळे इथली कबुली पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही. वकिलाशिवाय आलेले अनेक जण हे मागायचे विसरतात. न्यायाधीश मान्यता देण्याआधी चालकाला त्याचे हक्क सांगतो आणि नेमके काय घडले हे त्याच्या तोंडून ऐकून घेतो. ‘हो’ एवढ्यावर भागत नाही.

*खटला.* सौदा जमला नाही तर सुनावणी होते. त्याआधी चालकाला प्रॉसिक्युटरकडे पुराव्याची कागदपत्रे मागता येतात: पोलिसाच्या नोंदी, व्हिडिओ, वेग रडारने किंवा लेझरने मोजला असेल तर ते यंत्र तपासल्याचे दाखले. रडारचे मापन न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५५ सालीच ग्राह्य धरले, पण यंत्र नीट चालत होते आणि चालवणारा प्रशिक्षित होता हे सिद्ध करणे आजही सरकारचेच काम. या मुद्द्याचे वजन २०१८ मध्ये दारूच्या प्रकरणांत दिसले. श्वासचाचणीच्या यंत्रांची जुळणी नियमाप्रमाणे झाली नसल्याचे उघड झाल्यावर त्याच न्यायालयाने २०,६६७ चाचण्या पुरावा म्हणून अग्राह्य ठरवल्या.

काही समज मराठी वर्तुळातही पक्के आहेत. पोलीस सुनावणीला आला नाही की तिकीट आपोआप रद्द होते, हा त्यांतला पहिला. पहिल्या गैरहजेरीला बहुतेक न्यायाधीश पुढची तारीख देतात. नावाचे स्पेलिंग किंवा गाडीचा रंग चुकला तर तिकीट टिकत नाही, हाही असाच समज. अशी चूक कोर्ट दुरुस्त करू शकते. २०२० नंतर बरीच साधी प्रकरणे व्हिडिओवर चालतात, त्यामुळे अर्धा दिवस रजा टाकण्याची गरज कमी झाली आहे. भाषेची अडचण असेल तर कोर्ट विनामूल्य दुभाषा पुरवते. गरज आधी कळवावी लागते. परवाना जाण्याइतका मोठा परिणाम संभवत असेल आणि वकील परवडत नसेल तर सरकारी खर्चाने वकील मिळतो. हे तत्त्व १९७१ च्या निकालातून आले.

निकाल पटला नाही तर २० दिवसांच्या आत सुपीरियर कोर्टात, म्हणजे वरच्या न्यायालयात, अपील करता येते. तिथे नवे साक्षीदार बोलावले जात नाहीत. खालच्या कोर्टातल्या ध्वनिमुद्रणावरून दुसरा न्यायाधीश स्वतःचा निर्णय देतो. तारखेला न जाण्याचे परिणाम मात्र अपिलापेक्षा लवकर समोर येतात: नोटीस, मग परवाना निलंबन, शेवटी अटक वॉरंट.

*पैसा आणि टीका.* ज्या गावाच्या पोलिसाने तिकीट दिले त्याच गावाने नेमलेला न्यायाधीश ते ऐकतो. राज्याच्या वाहतूक कायद्याखालच्या स्थानिक पोलिसांच्या तिकिटांतील दंडाचा निम्मा वाटा गावाला आणि निम्मा काउंटीला (जिल्ह्यासारख्या विभागाला) जातो. ही रचना न्यायाच्या दृष्टीने अवघडलेली आहे, हे सांगायला वेगळा तज्ज्ञ लागत नाही. मिसुरीतील फर्ग्युसन शहराने कोर्टाला महसुलाचे साधन बनवल्याचे २०१५ मध्ये अमेरिकेच्या न्यायखात्याने दाखवून दिल्यावर हा प्रश्न देशभर चर्चेत आला. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २०१८ मध्ये न्यायाधीशांवरचा महसुली दबाव, दंडावर चढत जाणारे आकार आणि वॉरंटांचा अतिरेक यांवर बोट ठेवले. पाठोपाठ २०१९ च्या जानेवारीत १५ वर्षांहून जुनी, पावणेआठ लाखांहून अधिक किरकोळ प्रकरणे एका आदेशाने निकालात काढण्यात आली. नेमणुकीची पद्धत मात्र बदलली नाही.

महाराष्ट्रात याची नेमकी जोड नाही. तिथे ई-चलान वाहतूक पोलीस काढतात, दंड राज्याकडे जातो, आणि वाद झाल्यास प्रकरण प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे किंवा लोकअदालतीत जाते. महापालिकेचा दंडावर हक्क नाही.

*व्हिसा व नागरिकत्व.* साध्या वेगाच्या तिकिटाने स्थलांतरितांच्या स्थितीवर सहसा परिणाम होत नाही. दारू पिऊन गाडी चालवण्याचे प्रकरण वेगळे. न्यू जर्सीच्या कायद्यात तो वाहतुकीचा गुन्हा गणला जात असला तरी नुसत्या अटकेवरूनही अमेरिकेचे परराष्ट्र खाते व्हिसा रद्द करू शकते. नागरिकत्वाच्या अर्जात जुन्या तिकिटांविषयी प्रश्न येतो. अटक झाली नसेल, दारू किंवा अमली पदार्थांचा संबंध नसेल आणि दंड ५०० डॉलरपेक्षा कमी असेल, तर सामान्यतः कागद जोडावे लागत नाहीत. त्यापलीकडच्या प्रकरणात निकालाची प्रमाणित प्रत लागते, आणि ती ज्या गावात तिकीट मिळाले तिथल्याच कोर्टाच्या कार्यालयातून घ्यावी लागते.