अळिंबी लागवडीची पात्रे, घरगुती

अळिंबी (मशरूम) घरी वाढविताना ओलावलेले काड, लाकडाचा भुस्सा किंवा कंपोस्ट ज्यात भरतात ती पिशवी, बादली, बरणी, पेटी किंवा मडके. पात्राने आतील ओल टिकवायची असते आणि त्याच वेळी कवकजालाच्या (अळिंबीच्या बारीक तंतूंच्या जाळ्याच्या) श्वसनातून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड व उष्णता बाहेरही जाऊ द्यायची असते. या दोन गरजा परस्परविरोधी आहेत, आणि पात्र निवडताना होणाऱ्या बहुतेक चुका यांपैकी एकीचाच विचार केल्याने होतात. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रात घरोघरी घेतल्या जाणाऱ्या धिंगरी अळिंबीचा (प्लुरोटस प्रजातीचा) विचार प्रामुख्याने केला आहे.

पूर्वपीठिका : धिंगरीची पहिली प्रायोगिक लागवड सामान्यतः जर्मनीतील फाल्क यांच्या नावे नोंदवितात (१९१७). ती झाडांच्या बुंध्यांवर व ओंडक्यांवर होती. तेथे वेगळे पात्र नव्हते, ओल धरण्याचे काम सालच करीत असे. शिताके अळिंबीच्या ओंडक्यांची साल निघाली की ते लवकर वाळतात व उत्पन्न घटते, हा अनुभव त्याला जुळणारा आहे. भारतात भाताच्या पेंढ्यावरील लागवडीचे श्रेय बहुधा म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रविज्ञान संशोधन संस्थेतील बानो व श्रीवास्तव यांना देतात (१९६२). जांडैक व कपूर यांनी १९७०–८० या दशकात प्लुरोटस साजोर-काजू या नावाने वर्णिलेली जात केळीच्या खोडासह निरनिराळ्या पदार्थांवर वाढविली. या नावाबद्दल मात्र वाद आहे. खऱ्या साजोर-काजूच्या देठावर वलय असते आणि ती आता लेंटिनस प्रजातीत घालतात. भारतात त्या नावाने विकले जाणारे बियाणे (लागवडीसाठी वाढविलेले कवकजाल) प्लुरोटस पल्मोनेरियसचे आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पाकिटावर जुनेच नाव असते. म्हणून बियाणे घेताना नावापेक्षा त्या वाणाची तापमानमर्यादा विचारून घ्यावी, कारण पात्राची जाडी व व्यास तिच्यावरून ठरतात.

बंद पात्रांपैकी बाटलीची पद्धत जपानात भुशावरील एनोकी अळिंबीसाठी विकसित झाली. पॉलिथीन पिशवीचा प्रसार मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर हे प्लॅस्टिक स्वस्त झाल्यावरचा आहे. तो एका संशोधकाच्या नावावर मांडणे योग्य नाही.

पाण्याचा हिशेब : वाळलेल्या काडात सुमारे १०% ओल धरली, तर १ किग्रॅ. काड ६५% ओलीवर आणल्यावर सुमारे २·६ किग्रॅ. भरते, त्यात पाणी साधारण १·७ किग्रॅ. असते. ताज्या धिंगरीत सुमारे ९०% पाणी असते. म्हणजे ५०० ते ७०० ग्रॅ. उत्पन्न आले, तर ४५० ते ६३० ग्रॅ. पाणी अळिंबीतूनच बाहेर पडते. पात्राच्या भिंतीतून तेवढेच आणखी उडाले, तर दुसऱ्या बहाराला (पहिल्या तोडणीनंतर पुन्हा येणाऱ्या पिकाला) पाणी उरत नाही. वरून फवारलेले पाणी मुख्यतः पृष्ठभागावर राहते, ते ही तूट भरून काढू शकत नाही. काडाची ओल भरण्यापूर्वीच नेमकी हवी : मूठभर काड घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटींत एखाददुसरा थेंब यावा, धार लागू नये.

पॉलिथीन पिशवी : घरगुती लागवडीस हीच सर्वांत सोयीची. कमी घनतेचे पॉलिथीन पाण्याची वाफ फारशी जाऊ देत नाही, पण ऑक्सिजन व त्याहून अधिक वेगाने कार्बन डाय-ऑक्साइड त्यातून जातो. ३५ × ५५ सेंमी.ची, १०० ते १५० गेजची (सुमारे २५ ते ३८ मायक्रॉन) पिशवी पुरते. काड ७ ते १० सेंमी.च्या थरांनी दाबून भरावे आणि प्रत्येक थरावर कडेने बियाणे पेरावे. बियाण्याचे एकूण प्रमाण ओल्या काडाच्या सुमारे २% ठेवतात. तोंड सुतळीने बांधून सुईने किंवा टाचणीने सर्व बाजूंस २५ ते ३० बारीक छिद्रे पाडतात. तळाशी दोन-तीन छिद्रे राहिली पाहिजेत, नाहीतर तेथे पिवळसर पाणी साचून काड आंबते, आंबूस वास येतो आणि त्या भागात कवकजाल पसरत नाही. पिशवी ढिली भरली तर पोकळ्यांत अंकुर (कोवळ्या अळिंब्या) फुटून वाया जातात.

कवकजाल पसरत असताना पिशवीच्या मध्याचे तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी जास्त असते. म्हणून उन्हाळ्याकडे झुकलेल्या दिवसांत जास्त व्यासाची पिशवी टाळावी. मध्यभाग तापून कवकजाल मरते आणि तेथे हिरवी बुरशी (ट्रायकोडर्मा) शिरते.

कवकजाल पूर्ण पसरल्यावर (२२° ते २५° से.ला साधारण १५ ते २० दिवस) पिशवीचे काय करावे याविषयी दोन पद्धती आहेत. भारतीय शिफारशींत बहुधा पिशवी पूर्ण फाडून घट्ट झालेला गठ्ठा उघडा ठेवण्यास सांगतात. युरोपीय पद्धतीत ती तशीच ठेवून फक्त चिरा देतात. पहिलीत अंकुर चहूकडून येतात, पण हवेत ८० ते ९०% आर्द्रता सतत राखावी लागते. कोकण व गोव्यात पावसाळ्यात ते सहज जमते. मराठवाडा-विदर्भाच्या कोरड्या हवेत, विशेषतः पाण्याची व्यवस्था तुटपुंजी असताना, ५ सेंमी. लांबीच्या आठ-दहा चिरांची पद्धत अधिक भरवशाची आहे.

उकळत्या पाण्यात निर्जंतुक केलेले काड थंड झाल्यावरच साध्या पिशवीत भरतात. भुस्सा मात्र पिशवीतच १२१° से.ला वाफवावा लागतो. त्या तापमानाला कमी घनतेचे पॉलिथीन वितळते. तेथे पॉलिप्रोपिलीनच वापरावे.

बादली व डबे : १० ते २० लि.च्या झाकणाच्या प्लॅस्टिक बादल्या पुन्हापुन्हा वापरता येतात. भिंतीत १५ सेंमी. अंतरावर १० मिमी.ची छिद्रे आळीपाळीने पाडावीत आणि तळाशी ५ मिमी.ची तीन-चार. सुरुवातीस भिंतीच्या छिद्रांवर दवाखान्यातील कागदी चिकटपट्टी लावतात : हवा जाते, ओल अडते, माश्याही आत येत नाहीत. छिद्रे मोठी केल्यास त्यांच्याभोवतीचे काड प्रथम वाळते आणि नेमके तेथेच अंकुर करपतात. छिद्रे फार कमी असल्यास कार्बन डाय-ऑक्साइड साचून देठ लांब व छत्री लहान राहते. रंग किंवा कीटकनाशक ठेवलेली बादली घेऊ नये.

मडके व इतर सच्छिद्र पात्रे : चकाकीचा लेप न दिलेले, म्हणजे साधे मातीचे मडके भिंतीतून पाणी झिरपवून गार राहते. हा गुण उन्हाळ्यात उपयोगी असला, तरी ते पाणी काडातलेच असते. मडके वापरायचे झाल्यास काड पिशवीत भरून ती आत ठेवावी किंवा मडक्याभोवती ओले गोणपाट गुंडाळावे. जुन्या मडक्याच्या छिद्रांत बुरशीचे बीजाणू टिकतात, म्हणून दर वेळी ते उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण वाळवावे. बांबूच्या टोपल्या व लाकडी खोकी आतून प्लॅस्टिक अंथरल्याशिवाय निरुपयोगी. पत्र्याचे डबे गंजतात आणि उन्हात झटकन तापतात.

आच्छादन माती लागणाऱ्या जाती : बटन अळिंबीस उथळ पेटी लागते, १५ ते १८ सेंमी. कंपोस्ट आणि वर ३·५ ते ४ सेंमी. आच्छादन माती. येथे ओलीचा साठा मातीत असल्याने भिंतीचे महत्त्व कमी होते. दुधी अळिंबीसाठी (कॅलोसायब इंडिका) कवकजालाने भरलेली पिशवी मधोमध आडवी कापून दोन कुंड्या करतात, कापलेल्या बाजूवर सुमारे २ सेंमी. निर्जंतुक माती पसरतात व पिशवीची कड मातीच्या वर राखतात. ही जात ३०° ते ३५° से.ला फळते.