मॅगीची कातरणी

दिवाळी सरली की माण-खटावातले धनगर वाडे घेऊन पश्चिमेकडे निघतात. साताऱ्याबाहेरच्या रस्त्यावर दोन-तीनशे मेंढरं, घोड्यांवर बिऱ्हाड, मागे राखणीची कुत्री. दोन वर्षांपूर्वी अशाच एका कळपाला वाट द्यायला मी मॅगीला उचलून कडेला उभी राहिले. मॅगी म्हणजे आमची पूडल. नाव भाचीनं ठेवलंय, केस बघून. कळपामागचे मामा थांबले.

"बाई, हे कुत्रं हाय का कोकरू?"

"कुत्रं आहे हो, मामा."

त्यांनी काठी काखेत मारली आणि मॅगीच्या पाठीत दोन्ही अंगठे घालून केस दुभंगले, थेट कातडी दिसेपर्यंत. मेंढीची लोकर बघतात तसे. "वरनं बेस हाय. खाली समदी जट झालीया. कातारत न्हाई व्हय?"

तीस वर्षं मी मुलांना जीवशास्त्र शिकवलं, मॅगीला रोज ब्रशही करत होते. तो ब्रश वरच्यावरच फिरत होता, हे मला रस्त्यात कळलं.

कुत्र्यांच्या केसांचं कोडं 2009 साली बऱ्यापैकी सुटलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या एलेन ऑस्ट्रँडर यांच्या गटानं 80 जातींच्या हजारावर कुत्र्यांचे डीएनए तपासले. केसांचे इतके प्रकार दिसतात, पण त्यातले बहुतेक तीनच जनुकांच्या फेरफारातून येतात, असं निघालं. एक जनुक लांबी ठरवतं, दुसरं मिशा-भुवयांचे झुपके, तिसरं कुरळेपणा. हे तिसरं म्हणजे केआरटी-71. केस मुळाशी मऊ असतो तेव्हा त्याच्याभोवती एक आवरण असतं आणि केस कडक होईपर्यंत तेच त्याला आकार देतं. केआरटी-71 हे त्या आवरणाच्या प्रथिनाचं जनुक. चकलीच्या सोऱ्यातली चकती समजा. डीएनएतलं एक अक्षर बदलतं, प्रथिनात 151व्या जागी आर्जिनिनऐवजी ट्रिप्टोफॅन येतं, चकती बदलते आणि केस वळूनच बाहेर पडतो.

आपल्याकडच्या गावठी कुत्र्याचा किंवा जतकडच्या कारवानीचा केस थोडा वाढतो, थांबतो, गळतो. दिवस लहान-मोठा होतो तसं गळणं कमी-जास्त होतं. पूडलचा केस मात्र वाढीच्या अवस्थेतच फार काळ राहतो, आणि जो गळतो तोही शेजारच्या वेटोळ्यात अडकून बसतो. सोफ्यावर केस पडत नाहीत याचं विकणाऱ्याला भारी कौतुक. ते केस गेले कुठे, हे तो सांगत नाही. (पूडलची ॲलर्जी होत नाही, हेही असंच. ॲलर्जी करणारी प्रथिनं कुत्र्याच्या लाळेत आणि कोंड्यात असतात. केस न गळण्यानं ती थांबत नाहीत.)

अडकलेल्या केसांची जट का होते, हे समजायला मेंढीच्या लोकरीकडे बघावं. केसावर कौलांसारखे बारीक खवले असतात, सगळ्यांची तोंडं टोकाकडे. केस भिजला की फुगतो, खवले उचलले जातात. त्यात घासणं आलं की केस एकाच दिशेनं सरकतात आणि खवल्यांत खवले अडकतात. लोकरीचा नमदा, म्हणजे न विणता दाबून केलेलं जाड कापड, होतो तो असाच. कुत्र्याचे खवले मेंढीइतके ठळक नसतात, पण कुरळेपणा ती उणीव भरून काढतो. म्हणून जट पहिल्यांदा धरते ती घासणाऱ्या जागी: कानामागे, काखेत, पट्ट्याखाली, जांघेत. जट म्हटलं की साताऱ्यात अंनिसचं, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं, जटनिर्मूलन आठवतं. माणसाच्या डोक्यातल्या जटेला लोक देवीचा कोप म्हणतात, आमच्याकडे कोप फक्त आळसाचा.

म्हणजे पाणी आणि घासणं, दोन्ही मिळून जट. माझ्या ओळखीतले सगळे कुरळेवाले उन्हाळ्याला भितात. मी पावसाळ्याला भिते.

जुलैत साताऱ्यात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. मॅगी फिरून येते, पोट आणि पाय ओलेचिंब. पहिल्या वर्षी मी पंचानं खसाखसा पुसायचे, म्हणजे रोज घरच्या घरी नमदा करत होते. आता पंचा दाबून पाणी टिपते, मग ड्रायरचा कोमट वारा, सोबत ब्रश. जटेखाली ओल टिकली की कातडीवर एरवी गुपचूप राहणारे स्टॅफिलोकॉकसचे जिवाणू माजतात आणि एका रात्रीत रुपयाएवढा लालभडक, चिकट चट्टा उठतो. कानात तेच काम मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट करतं. आंबूस वास आला, कान झाडायला लागली, की थेंब घरी शोधू नयेत, डॉक्टरांकडे जावं. गोचिडीही याच दिवसांत बोकाळतात. एर्लिकिया हा तापाचा जिवाणू त्या चाव्यातूनच देतात, आणि कुरळ्या केसांत गोचीड दिसत नाही, बोटाला लागते. त्यामुळे बोटांनी चाचपावं, विशेषतः कानाच्या घडीत आणि पायांच्या बोटांमध्ये.

पाऊस सरला की सुटलो असं वाटतं, तोच अजिंक्यतारा आणि यवतेश्वरच्या उतारावर कुसळी गवत पिकतं. लहानपणी मोज्यात अडकलेलं कुसळ सगळ्यांनी काढलेलं असतं, पण ते चालतं कसं हे बघण्यासारखं आहे. एक सुकं कुसळ ओल्या बोटावर ठेवा. पीळ पडलेली काळपट शेपटी उलगडत गोल फिरू लागते. वाळली की परत पीळ घेते. दाण्याच्या टोकाला उलट्या दिशेचे ताठ केस असतात, म्हणून दाणा पुढे सरकतो, मागे येत नाही. ही सगळी सोय बी जमिनीत पेरलं जावं म्हणून. दव पडलं, ऊन आलं, गिरमिटाचे दोन फेरे झाले. कुत्र्याच्या दमट केसांत गवताला जमीन आणि कातडी यांतला फरक कळत नाही. मॅगी तीन दिवस पुढचा उजवा पाय चाटत होती. डॉक्टरांनी दोन बोटांमधल्या फोडातून अर्ध्या इंचाचं कुसळ चिमट्यानं ओढून काढलं. तेव्हापासून ऑक्टोबरात तिच्या पंजांमधले केस मी मुळाशी कापते आणि डोंगर तिला डिसेंबरपर्यंत बंद.

आता जट सोडवण्याचं. माझी चूक सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. काखेतली गाठ मी कात्रीनं आडवी कापायला गेले. गाठ ओढली की कातडी तंबूसारखी वर येते, आणि कुत्र्याची बाह्यत्वचा आपल्याहून बरीच पातळ, पेशींचे जेमतेम तीन ते पाच थर. मॅगीला दोन टाके पडले. कात्री नकोच. गाठीवर थोडं कॉर्नफ्लॉवर चोळावं, मुळाशी दोन बोटांत घट्ट धरावं म्हणजे ताण कातडीवर येत नाही, आणि टोकाकडून थोडं थोडं बोटांनीच फाडत यावं. नाही सुटली तर मशीन. एरवीही मामांसारखे केस दुभंगून, ओळीओळीनं, कातडीपासून बाहेर ब्रश करावा आणि शेवटी स्टीलची फणी. फणी मुळापासून टोकापर्यंत न अडखळता गेली, तरच झालं म्हणायचं. हे अंघोळीच्या आधी. गाठ भिजली की आणखी आवळते. अंघोळ तीन-चार आठवड्यांनी पुरते, आणि आपला शाम्पू नको, कारण कुत्र्याच्या कातडीचा सामू (पीएच) आपल्यासारखा आम्लधर्मी नसतो, उदासीनच्या जवळ असतो.

थंडीचं फार काही नाही. केस लांब राहू द्यावेत. स्वेटर हौसेपुरता, कारण त्याखाली घासून गाठी होतात.

उन्हाळ्यात मात्र "बिचारीला उकडतंय" म्हणून गोटा करू नये. कुत्र्याला घामाच्या ग्रंथी मुख्यतः तळपायाला. उष्णता जाते ती धापेतून, ओल्या जिभेवरून. अंगभर वारा लागून घाम सुकण्याचं आपलं गणित तिथे लागू नाही, उलट केसांची सावली गेली की फिकट कातडी भाजते. पॉमेरेनियनसारख्या दुहेरी केसांच्या कुत्र्याचा गोटा केला तर केस कधी कधी महिनोन्‌महिने परतच येत नाहीत.

मामांना मी त्या दिवशी विचारलं होतं, तुम्ही कधी कातरता. वर्षातनं दोनदा, म्हणाले, त्यातली एक पावसाच्या आदी. "भिजल्याली लोकर अंगावर वाळत न्हाई, बाई." यंदा मॅगीची कातरणी मेच्या शेवटी केली, सगळीकडे अर्धं पेर केस ठेवून. दोन आठवडे ती खरोखर कोकरासारखी दिसत होती, आणि गल्लीतली कुत्री तिला ओळखेनात.