पेडिक्युअर

पेडिक्युअर : पावले, तळपाय, टाचा आणि पायांची नखे यांची स्वच्छता, निगा व सजावट करण्याचा सौंदर्योपचार. कोमट पाण्यात पाय भिजवणे, नखे कापून त्यांना आकार देणे, नखांभोवतीची त्वचा नीटनेटकी करणे, टाचांवर साचलेली मृत त्वचा घासून काढणे, मालीश करणे आणि हवे असल्यास नेलपॉलिश लावणे, असा त्याचा सर्वसाधारण क्रम असतो. ब्यूटी पार्लरमध्ये प्रशिक्षित व्यक्तीकडून केल्या जाणाऱ्या या उपचाराला साधारणपणे पाऊण ते सव्वा तास लागतो. पेडिक्युअर निरोगी पायांसाठी असते. पायांच्या विकारांचे निदान आणि त्यांवरील उपचार हे पदचिकित्सकाचे क्षेत्र आहे, आणि काही देशांत ही सीमा कायद्यानेही आखलेली आहे. उदाहरणार्थ, जर्मनीत वैद्यकीय पदनिगा करणाऱ्यांसाठीचे ‘पोडोलोगे’ हे नामाभिधान २००२ पासून कायद्याने संरक्षित आहे.

हातापायांच्या नखांची निगा हा स्वतंत्र व्यवसाय असल्याचा पुरावा फार जुना आहे. ईजिप्तमधील सक्कारा येथे पाचव्या राजवंशाच्या काळातील, म्हणजे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची, न्यांखख्नुम आणि ख्नुमहोतेप या दोघांची कबर १९६४ मध्ये सापडली; राजवाड्यातील नखनिगा करणाऱ्यांचे पर्यवेक्षक, अशी त्यांची पदवी तेथे कोरलेली आहे. पुढे यूरोप-अमेरिकेत कुरूप (दाबाने त्वचेवर होणारी कठीण गाठ) कापणारे कारागीर पायांची निगा राखत, आणि त्यांच्यातूनच पदचिकित्सेची शाखा हळूहळू वेगळी झाली. अब्राहम लिंकन यांच्या पायांवर उपचार करणारे आयझॅकर झाखारी हे या संक्रमणकाळातील प्रसिद्ध नाव. आजचे पार्लरमधील पेडिक्युअर मात्र बव्हंशी विसाव्या शतकातील आहे आणि त्याच्या प्रसारात बाटलीतून मिळणाऱ्या नेलपॉलिशचा वाटा मोठा आहे.

पेडिक्युअरमध्ये काय करावे आणि काय करू नये, हे पावलाच्या रचनेवरून ठरते. एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात, आणि चालताना शरीराचा सगळा भार टाच, चवडा व अंगठा यांवर आळीपाळीने येतो. हा भार सोसण्यासाठी तळपायाची बाह्यत्वचा सुमारे दीड मिलिमीटरपर्यंत जाड असते. पापणीवर ती मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याइतकीच असते. तळपायाला घामाच्या ग्रंथी भरपूर असल्या, तरी तैलग्रंथी मुळीच नसतात. त्यामुळे तेथील त्वचा स्वतःला तेलकट ठेवू शकत नाही आणि कोरड्या हवेत, उघड्या चपलांत किंवा सतत पाण्यात वावरल्याने चटकन सुकते. टाचेखाली चरबीची गादी असते. पाऊल टेकताच ती दबून बाजूला पसरते, आणि कडेची त्वचा कोरडी व जाड झालेली असेल तर तिला ताणता येत नाही, म्हणून ती फाटते. टाचेच्या भेगा नेहमी कडेलाच आणि उभ्या का पडतात, याचे कारण हेच.

त्वचेवर एकाच जागी वारंवार दाब किंवा घर्षण झाले की ती अधिक पेशी तयार करून स्वतःचे रक्षण करते. ही जाडी पसरट असेल तर तिला घट्टा म्हणतात. दाब एका बिंदूवर एकवटून मध्ये कठीण गाभा तयार झाला, तर ते कुरूप होय. म्हणजे घट्टा ही शरीराची संरक्षणाची सोय आहे, तो मळ नव्हे. ती पूर्ण काढून टाकली, तर खालची कोवळी त्वचा उघडी पडून चालताना आग होते, आणि बूट किंवा चाल न बदलल्यास काही आठवड्यांत घट्टा पुन्हा तयार होतो. म्हणून चांगली कारागीर टाच खरवडून गुळगुळीत करत नाही; खरखरीत थर कमी करून त्वचा लवचीक होईल इतकेच ती काढते. पेडिक्युअरमधील कौशल्याची खरी परीक्षा येथेच होते, आणि नेमकी येथेच ‘आणखी थोडे काढा’ असा ग्राहकाचा आग्रह आड येतो.

उपचाराची सुरुवात पाय नीट पाहण्यापासून व्हायला हवी. जुने नेलपॉलिश काढून नखांचा रंग व जाडी, बोटांच्या बेचक्या आणि टाचांच्या भेगा उजेडात तपासल्या जातात. बेचकीत पांढरी, ओलसर, सोलवटलेली त्वचा दिसली तर त्या बहुधा चिखल्या असतात. जाड, पिवळट आणि कडेला भुसभुशीत झालेले नख बुरशीच्या संसर्गाचे असू शकते. अशा नखावर पॉलिशचा थर चढवून ते झाकण्याची पद्धत सर्वत्र दिसते, पण त्याने रोग लपतो आणि अवजारांवरून दुसऱ्यांपर्यंत पोहोचतो. नखाखाली नव्याने उमटलेली आणि रुंद होत जाणारी काळपट रेघ तर डॉक्टरांनीच पाहायला हवी, कारण क्वचित ती त्वचेच्या कर्करोगाची खूण असते. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये याच प्रकारचा कर्करोग आढळला होता आणि १९८१ मध्ये त्याच आजाराने त्यांचे निधन झाले. कायम गडद नेलपॉलिश लावणाऱ्यांनी अधूनमधून नखे उघडी ठेवून पाहावीत, ते याचसाठी.

पाय भिजवण्याचे पाणी अंगाच्या तापमानाइतके, फार तर किंचित अधिक गरम असावे. त्यात सौम्य साबण किंवा मीठ घालतात. पाच ते दहा मिनिटे पुरेशी असतात. त्याहून जास्त वेळ भिजलेली त्वचा फुगून पांढरट होते, तिचा जिवंत भाग कोठे सुरू होतो ते हाताला कळेनासे होते आणि नंतर ती पूर्वीपेक्षा अधिक कोरडी पडते. नखे भिजवण्याआधी कापावीत की नंतर, याबाबत कारागिरांत दोन मते आहेत. ओले नख मऊ असल्याने सहज कापले जाते, पण ते फुगलेले असल्याने त्याचा आकार सुकल्यावर बदलतो. कसेही कापले तरी ते सरळ रेषेत, बोटाच्या टोकाशी बरोबरीने कापावे आणि कोपरे कानशीने किंचित बोथट करावेत. कोपरे खोलवर गोल कापले की वाढणारे नख बाजूच्या मांसात रुतते. विशेषतः अंगठ्याला ही व्याधी होते आणि चिंचोळ्या बुटांनी ती बळावते. पायाचे नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढते, म्हणजे हाताच्या नखाच्या जवळपास निम्म्या वेगाने. अंगठ्याचे नख मुळापासून टोकापर्यंत नवे व्हायला वर्ष ते दीड वर्ष लागते, त्यामुळे चुकीने दुखावलेले नख तितका काळ चुकीची खूण बाळगते.

नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी ही नख आणि त्वचा यांमधील फट बंद ठेवते. नखाच्या पृष्ठभागावर चिकटलेला तिचा निर्जीव पापुद्रा मऊ करणारे द्रव लावून लाकडी काडीने हलकेच मागे सरकवता येतो. सुटलेली टोके तेवढी कापावीत. जिवंत कातडी चिमट्याने कुरतडली की जंतूंना वाट मिळते, बोट ठणकू लागते आणि नखुरडे होते. टाचांसाठी वज्री, प्यूमिस दगड किंवा खरखरीत कागदाची पट्टी वापरतात. घासण्याची दिशा एकच ठेवली तर त्वचा फाटत नाही. पात्याने टाच तासण्याची पद्धतही आहे, परंतु पाते किती खोल गेले ते रक्त आल्यावरच कळते, आणि अमेरिकेच्या अनेक राज्यांत पार्लरमध्ये त्याच्या वापराला बंदी आहे.

घासून झाल्यावर स्क्रबने पाऊल चोळतात, धुतात आणि बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करतात. मालीश घोट्यापासून पोटरीकडे, वरच्या दिशेने करतात. मलमांमध्ये यूरिया असलेली मलमे टाचांसाठी सर्वांत उपयुक्त ठरतात : सुमारे १० टक्के यूरिया त्वचेत ओलावा धरून ठेवतो, तर २० टक्क्यांहून अधिक असल्यास तो जाड थर सैल करतो. मलम बेचक्यांत लावू नये. तेथे ओल साचून चिखल्या होतात.

नेलपॉलिश हा शेवटचा आणि ऐच्छिक टप्पा. नखावर उरलेला तेलकटपणा पुसून आधी तळथर, मग रंगाचे दोन पातळ थर आणि वर चकाकीचा थर देतात. साध्या पॉलिशमध्ये नायट्रोसेल्युलोज एथिल व ब्यूटिल ॲसिटेटात विरघळवलेले असते आणि द्रावक उडून गेले की त्याचा पापुद्रा उरतो. जेल पॉलिश दिव्याच्या अतिनील किरणांनी घट्ट होते, काही आठवडे टिकते आणि ॲसिटोनने काढावे लागते. ते ओढून काढले तर नखाचा वरचा थरही सोबत निघतो. अर्धवट घट्ट झालेले जेल त्वचेला लागल्यास त्यातील ॲक्रिलेटांची कायमची ॲलर्जी होऊ शकते. जेलमधील टीपीओ या प्रकाशसंवेदी घटकावर यूरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली आहे.

स्पा पेडिक्युअर, मेणाचा लेप, फळांतील आम्लांचे मोजे असे बरेच प्रकार असले, तरी त्यांचा गाभा वरीलप्रमाणेच असतो. वेगळा उल्लेख करायला हवा तो माशांच्या पेडिक्युअरचा. तैग्रिस-युफ्रेटीस खोऱ्यातील गारा रूफा हे छोटे मासे टाकीत सोडलेल्या पायांची मृत त्वचा कुरतडतात. तुर्कस्तानातील कांगाल येथील उष्ण झऱ्यांत सोरायसिसचे रुग्ण या माशांसाठी जातात. पार्लरमध्ये मात्र एका ग्राहकानंतर टाकी जंतुनाशकाने धुता येत नाही, कारण मासे मरतील, आणि मासे निर्जंतुक करणेही शक्य नाही. अमेरिकेच्या अनेक राज्यांनी हा प्रकार बंद केला आहे, आणि तो निर्णय योग्यच आहे.

स्वच्छता हा या व्यवसायाचा सर्वांत गंभीर भाग होय. २००० साली कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल येथे एकाच पार्लरमध्ये गेलेल्या शंभराहून अधिक ग्राहकांच्या पायांवर, गुडघ्याखाली, गळवे उठली. तपासात ‘मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम’ हा जंतू सापडला, आणि तो पाण्याचे झोत सोडणाऱ्या फूटबाथमध्ये वाढत होता. टबांना वरवर पाहता काहीच खोट नव्हती. पाणी आत ओढणाऱ्या जाळीच्या मागे केस आणि त्वचेचे कण साचून राहिले होते व त्यांवर जंतू पोसले जात होते. पेडिक्युअरला येण्यापूर्वी रेझरने पाय भादरलेल्या स्त्रियांना धोका अधिक होता, कारण रेझरच्या न दिसणाऱ्या ओरखड्यांतून जंतू आत गेले. काहींना कित्येक महिने प्रतिजैविके घ्यावी लागली आणि व्रण मागे राहिले. यानंतर कॅलिफोर्नियात फूटबाथच्या सफाईचे आणि तिच्या नोंदी ठेवण्याचे तपशीलवार नियम करण्यात आले.

प्रत्येक ग्राहकानंतर टबमधील पाणी सोडून, जाळी काढून, साबणाने घासून आणि जंतुनाशकाचे पाणी सुमारे दहा मिनिटे खेळवून टब धुवावा लागतो. झोत नसलेला साधा टब किंवा दर वेळी बदलण्याचे प्लॅस्टिकचे अस्तर वापरल्यास हे काम पुष्कळ सोपे होते. धातूची अवजारे आधी घासून धुवावीत, मगच जंतुनाशकात बुडवावीत किंवा ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला १५ ते २० मिनिटे दाबाखालील वाफेत ठेवावीत. मळ तसाच असेल तर जंतुनाशक खाली पोहोचत नाही. निळ्या प्रकाशाची पेटी अवजारे ठेवायला ठीक असली, तरी ती निर्जंतुकीकरणाचे साधन नव्हे. लाकडी काडी, कागदी कानस आणि प्यूमिस या सच्छिद्र वस्तू एकाच ग्राहकासाठी वापरून टाकून द्याव्यात किंवा त्यालाच द्याव्यात. ग्राहकाने हे सारे विचारणे यात संकोच वाटण्याजोगे काही नाही.

मधुमेह असलेल्यांनी पेडिक्युअर करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मधुमेहात पायांच्या संवेदना बोथट झालेल्या असू शकतात, त्यामुळे गरम पाण्याने भाजले किंवा कातडी कापली गेली तरी समजत नाही, आणि रक्तपुरवठा कमी असल्याने लहानशी जखमही चिघळते. अशा पायांवर पाते, कुरूप जाळणारी आम्लाची पट्टी आणि दीर्घकाळ भिजवणे हे तिन्ही वर्ज्य आहे. पोटरीतील शिरांत रक्ताची गुठळी असणाऱ्यांनी मालीश टाळावी. उघडी जखम, पसरलेला बुरशीचा संसर्ग किंवा रुतलेले व पिकलेले नख असताना पार्लरने नकार देणे, हीच ग्राहकाची खरी सेवा होय.

निरोगी पायांना चार ते सहा आठवड्यांतून एकदा पेडिक्युअर पुरते. दरम्यान रोज पाय धुऊन बेचक्या कोरड्या करणे आणि रात्री टाचांना मलम लावून सुती मोजे घालणे यांचा परिणाम बहुधा पार्लरमधील तासाभराच्या उपचारापेक्षा अधिक टिकाऊ असतो.

पेडिक्युअर करणाऱ्यांच्या आरोग्याचा विचार मात्र अजून अपुराच होतो. दिवसभर वाकून बसल्याने त्यांची मान व कंबर दुखते, ॲसिटोन आणि इतर द्रावकांच्या वाफा श्वासात जातात, घासताना उडणारी त्वचेची व जेलची धूळ नाकातोंडात जाते आणि ॲक्रिलेटांची ॲलर्जी ग्राहकांपेक्षा त्यांच्यातच अधिक आढळते. टेबलाजवळ हवा खेचून घेणारा पंखा, नायट्राइलचे हातमोजे, धुळीचा मास्क आणि उंची बदलता येणारी खुर्ची या त्यांच्यासाठी प्राथमिक गरजा आहेत.