समाजमाध्यमांवरील शिष्टाचार

समाजमाध्यमांवरील शिष्टाचार : फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम आदी माध्यमांवर लिहिताना, उत्तर देताना व दुसऱ्याचा मजकूर पुढे पाठविताना पाळावयाचे, बहुतांशी अलिखित संकेत. प्रस्तुत नोंदीतील उदाहरणे मुख्यतः नाशिक परिसरातील आहेत.

‘नेटिकेट’ (‘नेट’ + ‘एटिकेट’, म्हणजे इंटरनेटवरील शिष्टाचार) हा जोडशब्द १९९० नंतरच्या इंटरनेट-प्रसारातून आला, असे सर्रास सांगितले जाते. मात्र यूझनेट या चर्चाजाळ्यावर तो १९८३ च्या सुमारास रूढ होऊ लागला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ऑक्टोबर १९९५ मध्ये ‘आरएफसी १८५५’ या इंटरनेटविषयक दस्तऐवजात हे संकेत एकत्र आले. ओळ ६५ अक्षरांच्या आत ठेवावी, साखळीपत्रे पाठवू नयेत, सगळा मजकूर इंग्रजीच्या मोठ्या लिपीत (कॅपिटल अक्षरांत) लिहिल्यास तो ओरडल्यासारखा वाटतो, शब्दावर भर द्यायचा तर दोन्ही बाजूंना तारका द्यावी, असे त्यात सांगितले आहे.

देवनागरीत मोठी-लहान लिपी हा भेदच नसल्याने मराठीपुरता ओरडण्याचा नियम निरर्थक ठरतो. तारका मात्र टिकली. व्हॉट्सॲपवर दोन तारकांमधील मजकूर ठळक होतो आणि पुढे ढकललेल्या मराठी संदेशांत पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळेच ठळक असते. भर देण्यासाठी आलेली खूण अशा रीतीने ओरडण्याचेच काम करू लागली.

मराठी संकेतांच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार ते कार्यालयीन ई-मेलमधून आले. दुसरे त्यांचा संबंध पत्रलेखनाच्या मायन्याशी जोडते. कोणाला कसे लिहावे याचे नियम सांगणारे मेस्तक परंपरेने यादवकालीन हेमाडपंताच्या (तेरावे शतक) नावावर आहे. हे कर्तृत्व निर्विवाद मानता येत नाही. ‘तीर्थरूप’, ‘चिरंजीव’, ‘सा. न. वि. वि.’ हे मायने पडद्यावरून जवळजवळ गेले, पण त्यांतील मानपानाची उतरंड राहिली. शाळेच्या गटात शिक्षकांना ‘सर’, वयाने मोठ्यांना ‘दादा’, ‘ताई’, ‘काका’ म्हणावे लागते; अनोळखी माणसाला ‘तू’ लिहिणे उद्धटपणाच. ज्येष्ठांच्या संदेशाला नुसत्या अंगठ्याचे चित्र पाठवणेही खटकते. ‘ठेंगा दाखवणे’ ज्या भाषेत नकारवाचक आहे, तेथे हे स्वाभाविक म्हणावे लागेल. हात जोडल्याचे चित्र नमस्कार, आभार आणि श्रद्धांजली या तिन्हींना चालते.

नाशिककडे सर्वाधिक वाद होतात ते तारखेवरून. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीची छायाचित्रे फिरू लागतात, कारण पुराचे माप शहर त्या मूर्तीवरून घेते. त्यांत मागच्या एखाद्या पुराचे छायाचित्र मिसळले तर नदीकाठच्या घरांत नाहक धावपळ होते. म्हणून छायाचित्राखाली तारीख-वेळ द्यावी, असा आग्रह धरला जातो. लासलगावच्या कांदा भावाचेही तसेच : कालचा भाव आज तारखेविना टाकणे ही शेतकऱ्यांच्या गटात मोठी चूक. द्राक्ष बागायतदारांच्या गटांत डाऊनी या द्राक्षरोगावरील फवारणीची चर्चा चालू असताना सुप्रभाताची फुले टाकणेही रुचत नाही.

निधनवार्तेत नाव, अंत्ययात्रेची वेळ आणि दशक्रिया विधीचे स्थळ असते. त्यानंतर काही तास त्या गटात विनोद वा वाढदिवसाच्या शुभेच्छा टाकत नाहीत. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जयंतीला, कविता फिरतात. त्यांच्या नसलेल्या ओळींखालीही त्यांचे नाव असते. ती चूक दाखवताना जाहीर पाणउतारा न करता खासगीत कळवावे, असे मानणारे बरेच आहेत.

अफवांबाबत शिष्टाचार अपुरा पडला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. त्याच सुमारास नाशिक जिल्ह्यातील मालेगावातही अशाच संशयावरून जमावाने एका कुटुंबाला घेरले, पण पोलिसांनी त्यांना वाचवले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घालण्याचे जाहीर केले.

कायद्याच्या बाजूने, आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांसाठी शिक्षा सांगणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द ठरविले. सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ गटाचा ॲडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला. सदस्याला काढून टाकणे ॲडमिनच्या हाती असते, परंतु भावकीच्या गटात तसे सहसा करत नाहीत. तेथे गट ‘फक्त ॲडमिन’ करून ठेवतात आणि वाद निवला की पुन्हा खुला करतात.