पैची चूक, सोकलेली गाय आणि मराठवाड्यातला योग

२१ जून जवळ आला की शाळांच्या मैदानांवर सतरंज्या पडतात आणि योग म्हणजे आसनं ही समजूत आणखी घट्ट होते. आसनांनी शरीराला फायदा होतो, यात शंका नाही. पण पतंजलींच्या योगसूत्रांत, म्हणजे चार पादांतल्या १९५-१९६ सूत्रांत, खुद्द आसनाबद्दल तीनच सूत्रं आहेत. बाकी जवळजवळ सगळा विचार मनाचा आहे. हे मन चुलीपाशी, वावरात, बाजारात कसं सांभाळायचं, याची मराठीतली जुनी उत्तरं शोधत गेलं की वाट गोदाकाठी येते.

परंपरा मुकुंदराजांपासून सुरुवात करते. त्यांचा 'विवेकसिंधु' हा ग्रंथ शके १११० चा, म्हणजे इ. स. ११८८ चा, असं मानतात. त्यांची समाधी अंबाजोगाईला दाखवतात. वेदान्त आणि राजयोग या ग्रंथात मराठी ओवीत आला.

पण प्रश्नाला खरी धार आली ती पैठणजवळच्या आपेगावात. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूंच्या आज्ञेनं ते परत संसारात आले आणि समाजानं त्या घराला वाळीत टाकलं. योग करायचा तर घर सोडायचं, घर धरलं तर योग सुटला, हा त्या काळचा हिशेब. तो चुकता करायला निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चार लेकरं शुद्धिपत्र मागत पैठणला गेली, असं चरित्रकार सांगतात. ज्या घरानं हे भोगलं, त्याच घरातल्या मुलानं पुढं गोदावरीपलीकडं नेवाशाला, १२९० साली, गीता मराठीत सांगितली. हा योगायोग आहे, असं मला कधीच वाटलं नाही.

'माझा मराठाचि बोलु कौतुकें' ही ओवी आपण भाषा दिनाला म्हणतो. ती आहे सहाव्या अध्यायाच्या आरंभी, म्हणजे ध्यानयोगाच्या अध्यायात. गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तीनाथ असं गुरुमुखातून आलेलं नाथपंथाचं कुंडलिनीचं ज्ञान याच अध्यायात मराठीत उलगडतं. ज्ञानदेव त्या वाटेला 'पंथराज' म्हणतात. आणि लगोलग ते घरगुती गोष्टींवर येतात. खावं, पण मापानं. बोलावं आणि चालावं मोजकं. वेळ झाली की झोपेलाही मान द्यावा. झोपेला मान द्यायचा, हे मला फार मोलाचं वाटतं. रात्र रात्र जागणं म्हणजे मेहनत, असं आज आपणच पोरांच्या डोक्यात भरवतो.

पुढं अर्जुन म्हणतो, मन आवरत नाही. त्यावर गीता 'अभ्यास आणि वैराग्य' हे उत्तर देते. पतंजलींचंही हीच जोडी सांगणारं सूत्र आहे. ज्ञानदेव तेवढ्यावर थांबत नाहीत. ते म्हणतात, या मनाचा एक गुण चांगला आहे: जिथं गोडी लागली तिथं ते सोकतं. म्हणून त्याला आतल्या सुखाची चव दाखवत जा.

'सोकणं' हा शब्द पोथीत भेटण्याआधी मी गोठ्यात ऐकला होता. आमची एक गाय शेजाऱ्याच्या हरभऱ्याला सोकली होती. दावं तोडून नेमकी त्याच धुऱ्यावर जायची. लोक म्हणाले, गळ्यात लोढणं बांधा. आजोबांनी लोढणं बांधलं, पण त्याच दिवसापासून दिवस मावळायच्या आत हिरव्या कडवळाची पेंढी कापून गव्हाणीत टाकायलाही सुरुवात केली. काही दिवसांनी लोढणं काढलं तरी गाय संध्याकाळी आपसूक गोठ्याकडं वळायला लागली. आजोबांनी योगसूत्रं वाचली नव्हती. ज्ञानेश्वरी मात्र दर सप्ताहाला ऐकलेली होती.

पुढची माणसं तर कामकरीच होती. तेरचे गोरोबा कुंभार, थापटणं हातात असलेले. संतांच्या मेळ्यात त्यांनी एकेकाच्या डोक्यावर थापटून कोण पक्कं, कोण कच्चं हे सांगितलं. नरसीचे नामदेव कच्चे ठरले, आणि गुरू शोधत औंढ्याला विसोबा खेचरांकडं गेले, अशी कथा आहे. गंगाखेडच्या जनाबाईनं जात्याच्या घरघरीतच नाम धरलं. या मंडळींनी रानात आसन मांडलं नाही. मडकं घडवायचं, दळण दळायचं, आणि त्यातच मन ठेवायचं.

मग एकनाथ. लहानपणीच ते पैठण सोडून देवगिरीला जनार्दनस्वामींकडं गेले. स्वामी किल्ल्यावरचे अधिकारी. त्यांनी या शिष्याला पोथीबरोबर हिशेबाच्या वह्याही दिल्या. एका रात्री एका पैचा ताळा लागेना. नाथ दिव्याच्या उजेडात वह्या उलटत राहिले, किती रात्र सरली याचं भान राहिलं नाही, आणि चूक सापडताच आनंदानं टाळी वाजवली. स्वामी जागे झाले. म्हणाले, एका पैच्या चुकीसाठी असं चित्त लागतं, तर तेच चित्त परमार्थाला लाव. एकाग्रता कुठून आणायची याचं याहून साधं उत्तर मला ठाऊक नाही. ती आपल्याजवळ असते, रोजच्या कामात वापरलेलीही असते.

शूलिभंजनच्या डोंगरावर अनुष्ठान झालं, तीर्थयात्रा झाली, आणि गुरूंनीच नाथांना संसार करायला सांगितलं. ज्या पैठणनं संन्याशाच्या पोरांना शुद्धिपत्र मागायला लावलं, त्याच पैठणात सुमारे तीनशे वर्षांनी नाथ गृहस्थ म्हणून राहिले. गोदावरीचं स्नान, पुराण, कीर्तन, दारी येईल त्याला जेवण, असा त्यांचा दिवस. स्नानाहून येताना अंगावर पुन्हा पुन्हा थुंकणाऱ्या माणसावर ते चिडले नाहीत, उलट त्याच्यामुळं इतक्यांदा गंगास्नान घडलं म्हणाले, ही कथा इथल्या पोरासोरांनाही पाठ असते. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा यांनी चित्त प्रसन्न राहतं, असं पतंजली सांगतात. त्याचं मराठी रूप पाहायचं तर ही कथा पुरे. १५८४ साली याच नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि सोकण्याची ती ओवी आपल्यापर्यंत नीट पोचली.

आज वर्गात शिकवला जातो तो योग बऱ्याच पुढचा. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं आणि आसन-प्राणायामाला प्रयोगशाळेत नेलं. २०१४ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी योग दिवस ठरवला. ते कामही मोठंच आहे. मात्र लातूरच्या शिकवणीला आलेलं, खोलीवर एकटं राहणारं, रात्री दोनपर्यंत दिवा न मालवणारं पोर पाहिलं की मला आधी झोपेच्या मानाची ओवी आठवते.

आमच्या गावात अजून सप्ताह बसतो. मंडपात सहावा अध्याय सुरू असतो. मनाच्या सोकण्याची ओवी आली की माझ्या पुतण्यासारखी शाळकरी मुलं खालचा अर्थ शोधत बोट फिरवतात. शेजारी बसलेले म्हातारे मात्र पानाकडं न बघताच मान हलवतात.