९६.३० टक्के कुणालाच का मिळत नाहीत?

दहावीचा निकाल लागला की नाशिकच्या कॉलेज रोडवर आठवडाभरात फ्लेक्स झळकतात. मुलामुलींचे फोटो आणि खाली ठळक आकडे: ९७.६०, ९६.४०, ९५.८०, ९४.२०. पुढच्या वेळी तिथून जाताना दशांशचिन्हानंतरचा पहिला अंक नीट बघा. तो ०, २, ४, ६ किंवा ८ यांपैकीच असतो. दहावीच्या मुलाखाली ९६.३० दिसणार नाही, ९५.७५ तर नाहीच. मी गणित शिकवते. इतकी वर्षं हे फ्लेक्स पाहूनही माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. नववीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, सगळ्यांना सम अंकच कसे पडतात?" आणि त्या दिवशीचा तास आम्ही त्यावरच घालवला.

उत्तर छेदात आहे. राज्य मंडळाच्या दहावीची टक्केवारी ५०० गुणांवर काढतात. ५०० पैकी १ गुण म्हणजे ०.२० टक्के. गुण पूर्णांकात मिळतात, त्यामुळे टक्केवारीही ०.२० च्या पायऱ्यांनीच चढते. ४८१ गुणांना ९६.२०, ४८२ गुणांना ९६.४०. मधल्या ९६.३० साठी ४८१.५ गुण हवेत आणि तसे गुण कुणाला मिळत नाहीत. पस्तीस ते शंभर टक्क्यांच्या दरम्यान अशा पायऱ्या फक्त ३२६. त्यांवर दरवर्षी पंधरा लाखांच्या आसपास मुलं उभी असतात, म्हणजे सरासरीने एका पायरीवर चार हजारांहून जास्त. बारावीचा हिशेब ६०० वर होतो, म्हणून तिथे शेपटाला .१७, .३३, .५०, .६७, .८३ असे अंक येतात. कुणी ८३.६७ म्हणालं की बारावीचं मूल आहे हे न विचारता कळतं.

पण दहावीला विषय सहा, प्रत्येकी १०० गुणांचे. मग ५०० कुठून आले? भाषांना ८० गुणांची लेखी आणि २० गुणांची तोंडी किंवा अंतर्गत परीक्षा. गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे यांचे चाळीस-चाळीसचे दोन पेपर आणि २० अंतर्गत. बेरीज ६०० ची. २०१० मध्ये राज्याने 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आणलं: उत्तीर्ण सहाही विषयांत व्हायचं, पण टक्केवारी काढताना सर्वांत कमी गुणांचा विषय बाजूला ठेवायचा. अकरावीच्या प्रवेशात इतर मंडळांच्या मुलांपुढे राज्य मंडळाची मुलं मागे पडू नयेत, हा हेतू. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जूनमध्ये तो निर्णय रद्द केला, सर्वोच्च न्यायालयाने नंतर तो ग्राह्य धरला, आणि तेव्हापासून तो आपल्या अंगवळणी पडला.

या नियमाचा फायदा सगळ्यांना सारखा होतो, असं पालकांना वाटतं. तो होत नाही. समजा, जुळी भावंडं आहेत. बहिणीला सहाही विषयांत ८५. भावाला मराठीत ८४, हिंदीत ७१, इंग्रजीत ७८, गणितात ९५, विज्ञानात ९२ आणि सामाजिक शास्त्रांत ८८. सहा विषयांची बेरीज बहिणीची ५१०, भावाची ५०८. बहीण दोन गुणांनी पुढे. आता प्रत्येकाचा एक विषय काढा. बहिणीचे राहतात ४२५, म्हणजे ८५.०० टक्के. भावाची हिंदी गेली, राहिले ४३७, म्हणजे ८७.४० टक्के. सगळे मिळून कमी गुण मिळवणारा भाऊ २.४० टक्क्यांनी पुढे गेला.

यामागचं सूत्र सोपं आहे. सहा विषयांच्या सरासरीतून सर्वांत कमी गुण वजा करायचे आणि उरलेल्या फरकाला पाचाने भागायचं; जे येईल तेवढी टक्केवारी वाढते. भावाची सरासरी ८४.६७, नीचांक ७१, फरक १३.६७, त्याचा पाचवा हिस्सा २.७३. बहिणीचा फरक शून्य, म्हणून फायदाही शून्य. हा नियम मला चुकीचा वाटत नाही. घरी अहिराणी किंवा कोकणा बोलणारं सुरगाणा-बागलाणकडचं मूल एखाद्या भाषेत अडखळलं, तर त्याची सगळी वाट बंद होऊ नये. पण सगळ्या विषयांत एकसारखी मेहनत करणाऱ्या मुलीला हा नियम काहीच देत नाही, हे तिला कुणीतरी सांगायला हवं. नाहीतर आपणच कमी पडलो असं ती मानून बसते.

वाढीव गुण हा त्यावरचा पुढचा थर. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत 'अ' श्रेणीला ७, 'ब' ला ५, 'क' ला ३ गुण मिळतात. खेळ, लोककला, शास्त्रीय नृत्य-संगीत यांनाही गुण आहेत. हे गुण अंशात मिसळतात, छेद मात्र ५०० च राहतो. चित्रकलेचे ७ गुण म्हणजे थेट १.४० टक्के. शंभर टक्के मिळालेल्या मुलांच्या बातम्या वाचताना हे ध्यानात ठेवावं. एक विषय बाजूला गेल्यावर पाच विषयांत ४९३ आणि वर ७, अशीही शंभराची बेरीज होते. त्या मुलाची मेहनत खरीच आहे. फक्त "एकही उत्तर चुकलं नाही" असा त्याचा अर्थ होत नाही.

मोजपट्टी बदलली की काय होतं, याचा मोठा दाखला राज्याने अनुभवला आहे. २०१८ मध्ये दहावीचा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० वर आला आणि २०२० मध्ये ९५.३० वर गेला. पूर्ण शंभर टक्के मिळवणारी मुलं २०१९ मध्ये २० होती, २०२० मध्ये २४२. वर्षभरात मुलं एकाएकी मठ्ठ झाली आणि लगेच पुढच्या वर्षी हुशार झाली, असं कोण म्हणेल? २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रे यांचे २० अंतर्गत गुण काढून टाकले होते. पुढच्या वर्षी ते परत आले. शिवाय करोनामुळे २०२० चा भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि त्याचे गुण इतर पेपरांच्या सरासरीवरून दिले गेले. वीस गुणांनी एवढा फरक का पडावा? तोंडी परीक्षेत १६ मिळालेल्या मुलाला पस्तिशी गाठायला लेखीत ८० पैकी १९ पुरतात, म्हणजे जेमतेम २४ टक्के. तोंडी नसली तर त्याच मुलाला शंभर गुणांच्या लेखीतून पूर्ण ३५ काढावे लागतात. काठावरच्या मुलासाठी ही फार मोठी दरी आहे. वर्तमानपत्रांत तेव्हा मुलांच्या गुणवत्तेविषयी बरंच लिहून आलं. ते वाचून मला वाईट वाटलं होतं.

निकालाची टक्केवारी आणि गुणांची टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही इथेच सांगते. पहिलीत माणसं मोजतात, दुसरीत गुण. २०२५ मध्ये नाशिक विभागाचा, म्हणजे नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार मिळून, दहावीचा निकाल ९३.०४ टक्के लागला. राज्याचा ९४.१०. नऊ विभागांच्या टक्केवाऱ्यांची नुसती सरासरी काढली तर मात्र ९४.३० येते. कारण ९८.८२ टक्क्यांचा कोकण विभाग दोनच जिल्ह्यांचा आहे. साध्या सरासरीत त्याला मुंबई-पुण्याएवढंच वजन मिळतं. टक्केवाऱ्यांची सरासरी काढायची तर प्रत्येकीमागे माणसं किती, हे धरावंच लागतं.

आणि पर्सेंटाइल ही तिसरीच गोष्ट. सीईटीचे ९९.८७ पर्सेंटाइल म्हणजे ९९.८७ टक्के गुण नव्हेत. शंभरातल्या ९९.८७ मुलांचे गुण तुमच्याएवढे किंवा तुमच्याहून कमी आहेत, एवढंच तो आकडा सांगतो. परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा, म्हणून गुणांऐवजी रांगेतली जागा मोजतात.

आता ज्या प्रश्नासाठी हा लेख लिहायला घेतला तो. ९१.२० आणि ९१.६० या दोन मुलांमध्ये खरोखर फरक आहे का? फरक दोन गुणांचा. पण गुण मोजणारा माणूस असतो, तराजू नव्हे. फ्रान्सिस एजवर्थ या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १८८८ मध्येच परीक्षेच्या गुणांना मोजमापातल्या चुकीचं गणित लावून दाखवलं होतं. खगोलशास्त्रज्ञ ताऱ्याचं स्थान मोजताना जशी चूक गृहीत धरतात, तशीच ती उत्तरपत्रिका तपासतानाही धरली पाहिजे, असा त्याचा विचार. १९१३ मध्ये अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट यांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून जास्त शिक्षकांकडे पाठवली. कुणी तिला शंभरातले तीसही दिले नाहीत, कुणी नव्वदहून जास्त दिले. विषय भूमिती, जिथे उत्तर बरोबर की चूक हे स्पष्ट असतं, असं आपण समजतो! पण पायऱ्यांना किती गुण, आकृती अस्वच्छ असेल तर किती कापायचे, रीत बरोबर आणि आकडेमोड चुकली तर काय, इथे प्रत्येकाचा हात वेगळा चालतो.

आपल्याकडे ही तफावत कमी करायला चांगली व्यवस्था आहे. उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो आणि त्यावर होलोक्राफ्ट स्टिकर, म्हणजे तपासणाऱ्याला मूल कुठलं ते कळत नाही. परीक्षकाला आदर्श उत्तरांचा तक्ता मिळतो आणि नियामक त्याने तपासलेल्या काही उत्तरपत्रिका पुन्हा पाहतात. तरीही तफावत शून्य होत नाही. समजा, एका विषयात ती साधारण ३ गुणांची आहे. पाच विषयांत मिळून किती? १५ नाही, कारण एकीकडे वाढलेले गुण दुसरीकडे कमी पडून भरून निघतात. चुका एकमेकींशी संबंधित नसतील तर बेरजेतली चूक विषयांच्या संख्येच्या वर्गमूळाने वाढते. ५ चं वर्गमूळ २.२४, गुणिले ३, म्हणजे साधारण ६.७ गुण, म्हणजेच १.३४ टक्के. एकूण टक्केवारी एका विषयाच्या गुणांपेक्षा जास्त भरवशाची असते ती यामुळेच. पण १.३४ टक्क्यांचं धुकं असताना ०.४० चा फरक पाहून एका मुलीला दुसऱ्या मुलाहून हुशार ठरवता येत नाही. प्रवेशासाठी रांग लावावीच लागते, त्याला इलाज नाही. घरी जेवायला बसल्यावर ती रांग पुन्हा लावू नये.

यंदा सिडकोतल्या एक ताई मुलीची गुणपत्रिका घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. ४४९ गुण, ८९.८० टक्के. "मॅडम, एका गुणासाठी नव्वद हुकले. कुठली उत्तरपत्रिका मागवू?" त्यांच्या मनात हिंदी होती, कारण तिथे सर्वांत कमी, ८१. सामाजिक शास्त्रांत ८२, बाकीचे विषय ९० च्या आसपास. आम्ही कागद घेऊन बसलो. हिंदी पाचांत धरलेलीच नाही. तिथे एक गुण वाढला तर ८२ होतील आणि बेरीज ४४९ च राहील. दोन वाढले तरच हिंदी आत येईल, सामाजिक शास्त्रे बाहेर जातील आणि ४५० होतील. सामाजिक शास्त्रांत मात्र एक गुण वाढला की लगेच ४५०. पुनर्मूल्यांकनाआधी छायाप्रत घ्यावीच लागते, तेव्हा ती हातात आल्यावर काय पाहायचं तेही लिहून दिलं: एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, आतल्या पानांवरचे गुण पहिल्या पानावरच्या तक्त्यात जसेच्या तसे उतरलेत का, आणि तक्त्याची बेरीज बरोबर आहे का. मुलगी शेजारी बसून स्वतःच बेरजा करत होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी सामाजिक शास्त्रांच्या दोन्ही पेपरांसाठी अर्ज भरला.